नावाने हाक

चिकलठाणा,
१७ फेब्रुवारी २०१६

तुम्ही फोन बंद ठेवता, म्हणून पत्र लिहिते आहे. दिवाळीत भरल्या ताटावरून उठून गंगापूरला निघून गेलात, त्याबद्दल हे पत्र नाही. ती मोसंबीची झाडं तोडा आणि इथं राहायला या, असं मी तेव्हा म्हटलं होतं. आजही म्हणते. तो विषय संपला.

दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती कुणाकडून तरी उलटसुलट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मी नाटकात काम मागायला गेले होते.

आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता. नव्या नाटकासाठी साठीच्या पुढची स्त्री हवी, अनुभवाची अट नाही. साठीच्या पुढची स्त्री मी आहे आणि अनुभव मला नाही. टेलिफोन खात्यात जन्म गेला तो इतरांची बोलणी जोडून देण्यात. मध्ये स्वतः काही बोलायचं नाही, हा तिथला नियम. कॉलेजात असताना मात्र स्नेहसंमेलनात मी एकदा राजा झाले होते, मुलींत सगळ्यांत उंच म्हणून. मिशी ओठावरून घसरली तरी वाक्य सोडलं नव्हतं. तुम्हाला हे माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही.

ऑडिशन इथंच जालना रोडच्या मागं, एका अर्धवट बांधलेल्या मंगल कार्यालयात होतं. भिंतींना गिलावा नाही, खिडक्यांना तावदानं नाहीत. बाहेरची धूळ उन्हाच्या तिरपीत तरंगत आत यायची आणि खुर्च्यांवर बसायची, जणू तीही पाळीची वाट पाहते आहे. दिग्दर्शिका सोनिया नावाची तिशीची मुलगी आहे. अकराची वेळ देऊन बाराच्या सुमारास आली. मी म्हटलं, "वेळ पाळायची नसेल तर देऊ नये."

"सॉरी काकू, आज आमच्याकडं नळ आला होता. भरून ठेवल्याशिवाय निघता येईना."

यंदाच्या पाणीटंचाईत हे कारण कुणीही मान्य करावं. मी केलं नाही. शिवाय पहिल्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या.

माझी पाळी आली तेव्हा चष्म्याची काच धुरकट झाली होती, अक्षर दिसेना, मी अडखळले. एवढंच. भूमिका मिळेल असं वाटत नाही.

तुमचा निळा स्वेटर इथंच राहिला आहे.

द्वारका


चिकलठाणा,
२५ फेब्रुवारी २०१६

तुमचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहत होते असं नाही. पोस्टमन येतो तेव्हा मी नेमकी जिन्यात असते, इतकंच.

चष्म्याचं मी खोटं लिहिलं. चष्मा स्वच्छ होता.

त्या नाटकात एक गाव आहे. पाणी संपलं म्हणून माणसं उठून गेली आहेत. एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघंच मागं राहिली आहेत. म्हातारा पाणी शोधायला जातो तो परतत नाही. मग एका सकाळी त्यांच्या कोरड्या आडाला आपोआप पाणी येतं. म्हातारी घराच्या धाब्यावर चढते आणि त्याला नावानं हाक मारते. मला तो प्रवेश वाचायला दिला होता. म्हाताऱ्याचं नाव रामेश्वर आहे.

पानावर लिहिलं होतं, "रामेश्वर! रामेश्वर, पाणी आलं!"

मी म्हटलं, "अहो, पाणी आलं!"

"काकू, तिथं नाव आहे," सोनिया म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग घ्या ना."

मी पुन्हा म्हटलं, "अहो, पाणी आलं!"

मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "काकूंचं नेटवर्क गेलं." सगळे हसले.

मग मी जे बोलले ते इथं पूर्ण लिहीत नाही. सारांश असा, की तुमचं नाटकच चूक आहे. आमच्याकडची या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लिहिण्याआधी चार म्हाताऱ्यांना विचारायचं होतं.

सोनिया चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, म्हणूनच तर घेते ती. जन्मभर घेतलं नाही. आता गावात ऐकायला कुणी उरलं नाही, लाजायचं कुणाला? पुढच्या पानावर आहे सगळं. तुम्ही वाचलंच नाही."

पुढचं पान माझ्या हातात होतं.

परत येताना रिक्षात डोळे मिटून बसले होते. माझी आई सोन्याला आयुष्यभर 'पिवळं' म्हणाली, कारण माझ्या वडिलांचं नाव सोनाजी. सराफाच्या दुकानातही 'पिवळं दाखवा' म्हणायची. बी.ए.ला असताना मी तिला विचारलं होतं, "नाव घेतलं तर आभाळ कोसळतं का गं?" ती म्हणाली, "आभाळाला काय व्हतंय? जीभ उचलत नाय." मी तिला हसले होते.

तुमचं नाव मी हजार ठिकाणी लिहिलं. बँकेत, रेशनकार्डावर, या पाकिटावर. तोंडानं घ्यायची वेळ आली की ऑफिसात तुम्ही 'मिस्टर', शेजारी 'हे', समोर 'अहो'. रिक्षा आपल्या इमारतीपाशी थांबली तोवर मला एकच प्रसंग आठवला होता, आपल्या लग्नातला उखाणा.

गंगापूरच्या वाटेवर मोसंबीचा मळा,
रामेश्वररावांचं नाव घेताना दाटून आला गळा.

गळा वगैरे काही दाटला नव्हता. यमक जुळत होतं म्हणून म्हटलं.

द्वारका


चिकलठाणा,
९ मार्च २०१६

मी सोनियाकडे पुन्हा गेले. माफी मागायला नव्हे. खरं कारण सांगायला.

ती पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. मला पाहून तिनं कप खाली ठेवला. शाळेत बाई वर्गात आल्यावर ठेवतात तसा. म्हणजे मी तिच्या मनात काय होऊन बसले होते ते कळलं. मी म्हटलं, "रामेश्वर माझ्या नवऱ्याचं नाव आहे. ते मला घेता येत नाही. मला आधी ठाऊक नव्हतं. तिथं उभी राहिले तेव्हा कळलं."

ती हसली नाही. म्हणाली, "एवढंच ना? नाव बदलू. धोंडिबा करू."

मला हायसं वाटलं. तिथंच उभी राहून म्हटलं, "धोंडिबा! धोंडिबा, पाणी आलं!" आवाज असा खणखणीत लागला की समोरच्या स्लॅबवरचे गवंडी वळून पाहू लागले. मी सोनियाकडे पाहिलं.

"आवाज भारी आहे, काकू," ती म्हणाली. "पण या आवाजानं फाईल येईल. माणूस नाही येणार."

मुलगी आगाऊ आहे. पण कान चांगला आहे. मला स्वतःलाही ते ऐकू आलं होतं. तो धोंडिबा कुठंच गेलेला नव्हता. तो ऑफिसच्या दारात स्टुलावर बसलेला होता.

मी म्हटलं, "पहिलंच नाव ठेवा."

"जमेल?"

"माहीत नाही."

"जालन्याच्या सत्यभामाताई येताहेत," ती म्हणाली. "मालिकांतून काम केलंय त्यांनी. रडायचं म्हटलं की लगेच पाणी. खरं सांगू? माझं जवळजवळ ठरलं होतं." मग कप पुन्हा हातात घेऊन म्हणाली, "धुळवडीनंतर दोघींचं एकदा ऐकते. तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून. पण त्या दिवशी माझ्या पोरांना रागावायचं नाही."

मला ही भूमिका हवी आहे. हवी आहे, असं मी पुष्कळ वर्षांनी लिहिते आहे. नोकरी मिळाली तेव्हा ती गरज होती. फ्लॅट घेतला तेव्हा तो हिशेब होता. ती धाब्यावर चढलेली म्हातारी मात्र कुणालाच नको आहे, सगळं गाव तिला सोडून गेलं आहे, आणि मला ती हवी आहे.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात तुमची मोसंबीची झाडं जालना रोडवरून चालत आली. मुळं पदरासारखी आवरून धरली होती. कुणी गडबड केली नाही, टँकरच्या मागं रांगेत उभी राहिली. टँकरवाला एकेकीला नाव विचारायचा. प्रत्येक झाड तुमचंच नाव सांगायचं, पानं हलवून, अगदी सहज. माझी पाळी आली. त्यानं विचारलं, "तुमचं?" माझ्या हातात रिकामी कळशी होती आणि तोंड उघडलं तर आत धूळ होती.

जागी झाले तेव्हा खरोखरच टँकर आला होता.

द्वारका


चिकलठाणा,
२१ मार्च २०१६

मोसंबी मिळाली. तुमच्याकडचा तो जीपवाला अजिनाथ पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी विचारलं, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाय, बाई. काका म्हणले, गळ्याला बरं असतं म्हणून सांग."

म्हणजे पत्रं वाचता. काही म्हणायचं असेल तर लिहीत जावं. साल जाड झाली आहे, रस कमी आहे. जो आहे तो गोड आहे.

आता ऐका. आपल्या इमारतीच्या मागं जुनी शेतातली विहीर आहे. बिल्डरनं भोवती कठडा घातला आणि माहितीपत्रकात तिला 'जलकुंड' म्हटलं. यंदा तळाला भेगा पडल्या आहेत. पहाटे मी तिथं जाते. त्या वेळी उजेड दुधासारखा असतो. अर्ध्या उभ्या इमारती धुक्यात पाय बुडवून थांबलेल्या दिसतात. माणसं यायची आहेत, अजून नावं ठेवायची आहेत, असं काहीसं. मी कठड्यावर वाकते आणि उखाणा म्हणते. उखाण्यात नाव येतं. पळत येऊन ओढा ओलांडावा तसं. विहीर ते परत पाठवते, जरा जाड आवाजात, जणू तळाशी बसून तुम्हीच कुणाला तरी आपलं नाव सांगता आहात. पण पळत न येता, जागच्या जागी उडी मारायची म्हटली की जीभ काठावरच राहते.

परवा मागून आवाज आला, "बाई, कोण पडलं व्हिरीत?"

वॉचमनची बायको, मनकर्णाबाई. मेंढरं भावाच्या हवाली करून यंदाच इकडे आली आहे.

"कुणी नाही. नाटकाची तयारी करते आहे."

"नाटकात बी व्हीर कोरडीच व्हय?"

"शेवटी पाणी येतं तिला."

"मग नाटकच बरं." ती कठड्यावर ऐसपैस बसली. "हाका कुणाला मारू राह्यल्या?"

"नवऱ्याला."

"साहेब तर गंगापूरला हाय म्हनं. व्हिरीत कशाला हुडकता?"

मी तिला अडचण सांगितली. तिनं दोन्ही कानांना हात लावले. "नगं बाई. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी व्हतं. माझी सासू म्हणायची."

"सासूचा नवरा किती जगला?"

"तो लई लवकर गेला," मनकर्णाबाई म्हणाली. विचार करून पुढं म्हणाली, "पर ती नाव कधीच घ्यायची नाय. शिव्याच घालायची." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की मीही हसले.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही तिकडे एकटे, फोन बंद, आणि भर उन्हात झाडांच्या आळ्यात वाकलेले. दिवसभर मला चैन पडलं नाही. आधी माहीत असतं तर अजिनाथला विचारून घेतलं असतं, माणूस बरा दिसतो का म्हणून.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी मी विहिरीपाशी होते आणि विमान आलं. इथून ते इतकं खाली येतं की पोटावरचे दिवे दिसतात. त्याची सावली मैदानावरून सरकत आली, कठडा ओलांडून आत उतरली, तळाच्या भेगांवरून गेली आणि पलीकडून वर निघाली. आवाज एवढा, की जग भरून गेलं. त्या आवाजात मी तुमचं नाव घेतलं. पूर्ण, मोकळ्या गळ्यानं, अलीकडे-पलीकडे काही नाही. मला ऐकू आलं नाही. मनकर्णाबाई दहा पावलांवर झाडत होती, तिलाही आलं नाही. पण गळ्याला कळलं.

विमान उतरलं. मी तिथंच बसून राहिले.

बरे आहात ना, तेवढं कळवा.

द्वारका


चिकलठाणा,
२८ मार्च २०१६

पोस्टकार्ड मिळालं. 'बरा आहे. रा.' ही तुमची नाव लिहिण्याची पद्धत असेल, तर तुम्हीही माझ्यापेक्षा काही कमी नाही.

धुळवड इकडे कोरडीच झाली. काल ऑडिशन होतं.

सत्यभामाताई आधी उभ्या राहिल्या. चांगल्या आहेत, उगीच नावं ठेवणार नाही. त्या धाब्यावर चढल्यासारख्या दोन पावलं वर गेल्या, कपाळावर हात धरला, 'रामेश्वर' म्हणाल्या आणि डोळ्यांतून धार लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांना त्या नावात काहीच अडचण नव्हती. त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला कसंसंच झालं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्या कुणी सहज उचलून पाहावी तसं. राग म्हणावा तर तोही नव्हता.

मग मी. "काकू, घाई नाही," सोनिया म्हणाली. पोरं मोबाईल खाली ठेवून बसली. पहिल्या दिवसाची गंमत पुन्हा पाहायला मिळणार अशी त्यांची खात्री होती, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

विमान येणार नव्हतं. उखाणा मनात सुरू करून पाहिला, तो मोसंबीच्या मळ्यापर्यंत येऊन थांबला. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून पांढरं ऊन आत पडलं होतं. त्या उन्हाकडे पाहता पाहता मला टेलिफोनचा जुना बोर्ड दिसायला लागला. काळ्या पाटीवर एकेक दिवा लागत जायचा. पैठण, कन्नड, वैजापूर. गंगापूरचा दिवा कोपऱ्यात असायचा. लाइन खरखरायची, पलीकडे माणूस आहे की नुसता वारा आहे ते कळायचं नाही. आपण हाक द्यायची आणि थांबायचं.

मी मोठ्यानं ओरडले नाही. ताट वाढून झालं आहे, भाकरी गार होते आहे आणि माणूस अजून बांधावर कुणाशी तरी बोलत उभा आहे, तशी हाक निघाली. थोडी रागाची.

"रामेश्वर."

पुढचं वाक्य 'पाणी आलं' असं होतं. मी ते म्हटलं नाही. मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. कुणाच्या तरी हातातून पेन पडलं आणि त्यानं ते उचललं नाही. मग मी दुसऱ्यांदा तुमचं नाव घेतलं, जरा खालच्या आवाजात, कारण राग आता उरला नव्हता. आणि पुन्हा थांबले. शेवटी 'पाणी आलं' म्हटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. स्वतःशीच म्हटलं.

माझे डोळे कोरडे होते. ते मी मुद्दाम तपासलं.

सोनियानं हातातलं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "काकू, मध्ये थांबलात का? तिथं थांबायचं लिहिलेलं नाही."

"हाक मारल्यावर ओ ऐकायची असते."

"पण नाटकात ओ येतच नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तिला माहीत नाही."

सोनियानं सत्यभामाताईंकडे पाहिलं. त्याच आधी उठल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, मी रडून मोकळी झाले. तुम्ही आम्हाला मोकळं केलंच नाही." मग पर्स उचलून जालन्याची गाडी पकडायला गेल्या.

भूमिका मला मिळाली आहे.

पोरांपैकी तो नेटवर्कवाला चहा घेऊन आला. "काकू, परत कधी नेटवर्कचं नाय बोलणार," म्हणाला. मी म्हटलं, "साखर जास्त आहे."

द्वारका


चिकलठाणा,
२३ एप्रिल २०१६

पहिला प्रयोग एक मेला, रविवारी, संध्याकाळी सात वाजता आहे. त्याच मंगल कार्यालयात. आता गिलावा झाला आहे, तावदानं अजून बसायची आहेत. ती नाहीत तेच बरं, असं सोनिया म्हणते. बाहेरचा वारा आत आला की ते गाव आपोआप होतं.

तालमी रोज चालतात. मी वेळेवर जाते, तेही वेळेवर येतात. धाबं म्हणून चार लाकडी खोकी रचली आहेत. त्यांच्यावर चढले की खिडकीतून सगळं चिकलठाणं दिसतं. नव्या इमारतींच्या डोक्यावरच्या रिकाम्या टाक्या, पलीकडे धावपट्टी, तिच्याही पलीकडे ऊन थरथरत असतं. त्या थरथरण्यात कधी झाडं उभी आहेत असं वाटतं. कधी माणूस चालत येतो आहे असं वाटतं. मी त्याच्याकडे पाहून हाक मारते.

तुम्ही यावं. अजिनाथची जीप दुपारी निघते. एका संध्याकाळचं पाणी त्याच्या भावाला घालायला सांगा. झाडं तेवढा वेळ थांबतील, ती तुमच्यापेक्षा समजूतदार आहेत. ती तोडा असं मी या पत्रात म्हणत नाही. पुढच्या पत्रात म्हणणार नाही असंही नाही. येताना पांढरा सदरा घाला, तो कॉलर झिजलेला नको. पहिल्या रांगेत बसू नका, मला चष्म्याशिवायही तिथलं दिसतं.

आणि एक सांगून ठेवते, कारण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी तुमचं नाव दोनदा घेईन. सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं. त्या वेळी अंधारात सगळं गप्प असेल आणि मी थांबलेली असेन. तेव्हा तुम्ही ओ देऊ नका. काही झालं तरी देऊ नका. म्हातारीला ओ मिळाली तर नाटक बुडेल, आणि पोरांनी फार मेहनत घेतली आहे.

नाटक संपू द्या. दिवे लागू द्या. खुर्च्या आवरायला माणसं आली की मागच्या दाराशी या.

तेव्हा द्या.

द्वारका